तपकिरी दगडाचं घर

१९५२ साल होतं, अन् मी तेवीस वर्षांचा गवंडी होतो. गोंदियात एका शेठजीचं घर बांधून राहिलो होतो. आत वीट अन् रस्त्याकडच्या भिंतीला तपकिरी दगड, असं घर शेठजींनी मोठ्या शहरात पाहिलं होतं. गोंदियात तसं ते पहिलंच, अन् माझ्या हातचं! घर उंच दिसावं म्हणून मी सारे दगड उभे लावले. शेजारच्या मुर्री गावाहून लोक बघायला येत.

एका दुपारी एक अनोळखी म्हातारा थांबला. त्यानं भिंतीवर नख फिरवलं, दगड पाणी पितो का ते बघायला जीभ लावली अन् हसला.

"काऊन गा, उभ्यानं झोपते का कोणी?"

"तुले कायले पंचाईत?" मी उखडलो. कोणाचं ऐकून घेणारा मी आजही नाही.

त्यानं खाली पडलेला एक दगड मी लावले तसाच उभा धरला अन् माझी छिन्नी वर टेकवून हळूच ठोकलं. पुढचा पापुद्रा पोळीसारखा सुटला! दुसरा आडवा ठेवून तसंच ठोकलं, त्याले काही झालं नाही.

"खाणीत दगडाचे थर जसे निजले, तसेच भिंतीत निजव. नाही तं पाणी शिरून तोंड सोलते."

मी थापी खाली ठेवली. "आणखी दाखवा, काका!" म्हणत मी त्याच्या मागं स्टेशनापर्यंत गेलो. नाव विचारायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लोखंडी सब्बल घेऊन माझी भिंत पाडायला लागलो. शेठजी तोंडात दातवण धरून "हाकलून देईन!" ओरडत आले, तरी थांबलो नाही.