डावीकडे फिरणारी मेंढी

मेंढी पुन्हा डावीकडे वळली. धावड्याच्या शिवारात, कापूस उपटून मोकळ्या झालेल्या वावरात ती गोल गोल फिरत होती आणि अख्खा कळप तिच्यामागे गोंधळला होता. तिची आई मेल्यावर मेंढपाळ गयाबाईंनी तिला बाटलीच्या दुधावर वाढवलेलं. त्यांनी हाक मारली की ही निघायची आणि हिच्यामागे बाकीच्या.

"चार दिस झाले, साहेब. मुक्काम हलवायचा हाय, अन् ही असं करून राह्यली. कपाळावर डाग देऊ का?"

"डाग नको, मावशी. आधी मला बघू द्या."

मी सरकारी पशुवैद्यक. मेंढीच्या उजव्या डोळ्यासमोर झटकन हात नेला. पापणी हलली नाही. डाव्या डोळ्याची लगेच मिटली. उजव्या डोळ्याच्या बहुतेक नसा मेंदूच्या डाव्या भागात जातात, म्हणजे बिघाड डावीकडे. तिथली कवटी अंगठ्याने दाबली, तर डबीच्या झाकणासारखी लवली. आत पट्टकृमीचा, म्हणजे टेपवर्मचा, पाण्याने भरलेला फोड होता.

या जंताचा मला मनापासून राग येतो. जेलीफिशला मेंदू नसतो, अंगभर नसांचं जाळं असतं. झुरळाच्या अंगात ठिकठिकाणी नसांच्या गाठी असतात, म्हणून मुंडकं तुटलं तरी पाय काही वेळ हलतात. मेंढीचा आणि आपला बहुतेक कारभार मात्र कवटीतून चालतो. पट्टकृमीकडे काय, तर डोक्याच्या जागी नसांची एक बारीक गाठ आणि तिथून मागे गेलेल्या, शिडीसारख्या जोडलेल्या दोऱ्या. ज्याला स्वतःला धड मेंदू नाही, त्याचं पिल्लू मेंढीच्या मेंदूत ठाण मांडून बसतं.

माझ्या वरिष्ठ साहेबांना फोन लावला.

"सर, कवटी उघडावी लागेल."

"फील्डवर? जालन्याच्या दवाखान्यात पाठवा."

"जीपच्या हादऱ्याने फोड फुटला तर मेंढी जाईल."

"मग रिस्क तुमची."

लोकर कातरली, भुलीचं इंजेक्शन दिलं. हाड इतकं मऊ झालं होतं की ब्लेडनेच कापलं गेलं. सिरिंजने पाणी ओढलं, चिमट्याने पातळ पिशवी हळूहळू बाहेर काढली. तिला आतून पांढरे कण चिकटलेले होते. प्रत्येक कण म्हणजे उद्याच्या एका जंताचं डोकं. मधेच मेंढी थरथरली, तेव्हा चिमटा तसाच धरून थांबलो. टाके घातले, पण बसवेना. मी बांधावर येरझाऱ्या घालत होतो. तासाने ती उठली आणि डावीकडेच वळली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. गयाबाईंनी हाक मारली. मेंढी सरळ चालत आली, मागून कळप. उजव्या डोळ्याची पापणीही आता मिटत होती. मला फार बरं वाटलं आणि त्या भरात मी उपदेश सुरू केला.

"हा जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, मावशी. त्याची अंडी गवतावर पडतात, ती मेंढी खाते. अशा मेंढीचं मुंडकं कुत्र्याने खाल्लं की पुन्हा तेच. तुम्ही मेलेल्या मेंढीचं मुंडकं कुत्र्याला घालता का?"

"न्हाई, साहेब. आम्ही पुरतो." त्या जरा थांबल्या. "मागल्या साली एक मेल्ती. तिचं डोकं तुम्हीच फोडून बघितल्तं अन् बांधावर ठेवून गेल्ते. ते खाल्लं आमच्या कुत्र्यानं. मला वाटलं, साहेबांनी ठेवलं म्हंजी बराबरच असंल."

मला आठवलं. मेंदूत तीन फोड होते. तपासणीसाठी एक बाटलीत घेतला आणि घाईने निघालो. रिपोर्ट बरोबर आला म्हणून वरिष्ठांनी शाबासकीही दिली होती.

"चूक माझी होती, मावशी," मी म्हणालो आणि कुत्र्याला जंताची गोळी दिली. कळपातल्या आणखी कितीजणींच्या डोक्यात काय वाढत आहे, ते वळायला लागल्यावरच कळेल. तेव्हापासून मोटरसायकलला फावडं बांधलेलं असतं. आधी खड्डा खणतो, मगच कवटी फोडतो.