उक्त्या मालातली बंदूक

आगाशीच्या वामनराव राऊतांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पुढचं वाचून तुम्ही दोष बंदुकीला द्याल. बंदूक म्हणजे लोखंड आणि लाकूड. फसवतो तो माणूसच.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... धंदाच तसा. सातिवलीला माझा जुन्या फर्निचरचा गाळा आहे, हातगाडीपासून सुरुवात करून उभा केलेला. मेलेल्या माणसांचे शेकडो पलंग विकलेत. एकही मालक परत मागायला आला नाही.

१९९९ साली वामनरावांनी वाडीतलं जुनं घर बिल्डरला दिलं आणि सामान मी उक्तं उचललं. उक्तं म्हणजे दारात उभं राहून एक नजर टाकायची, एकच आकडा बोलायचा आणि बंद पेट्यांसकट सगळं न्यायचं. माल परत नाही, कुठून आला हे विचारायचं नाही. हा नियम मीच त्यांना चढ्या आवाजात ऐकवला होता. ते लगेच हो म्हणाले. घासाघीस न करणारा वाडीवाला मी तोवर पाहिला नव्हता... तिथेच मला कळायला हवं होतं.

एका सागवानी पेटाऱ्याच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक निघाली. नळीच्या तोंडातून दारू, कापडाचा बोळा आणि छर्रे ठासायचे, तसली. मला वाटलं लॉटरी लागली. पण विलायती की गावठी, कुठल्या काळातली, हे कळल्याशिवाय भाव कसा सांगणार? आचोळ्याला साळवीकाका राहायचे, शस्त्रांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे नेली.

काकांनी आधी नळीत गज घातला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीवर ठेवून पाहिला. नळीच्या बुडापेक्षा चार बोटं कमी भरला.

"शेट, भरलेली बंदूक रिक्षातून आणलीत? वहिनींशी भांडण झालंय काय?"

जपून, पाणी ओतून त्यांनी ती रिकामी केली. मग नळी उतरवली. नळी एका बंदुकीची, घोडा दुसरीचा, दस्ता इथल्याच कुणा सुताराचा. शिक्के असायला हवेत तिथे कानस मारलेली. "हिला बाप नाही," काका म्हणाले. "वय मात्र दीडशेच्या वर. आणि बोळा बघा... टेरिकॉट." निळ्या चौकड्यांचा तुकडा होता.

म्हणजे कुणीतरी अलीकडेच भरलेली, आणि तशीच माझ्या गळ्यात मारलेली. माझं डोकं फिरलं. तरी गाळ्यातल्या लोखंडी कपाटात ती कुलूपबंद केली. किल्ली माझ्या कमरेला.

आठ दिवसांनी गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून काकांना बोलावलं. त्यांनी सवयीने गज घातला. चार बोटं कमी. या वेळी थट्टा नाही. बोळा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला – पिवळं कापड, त्यावर लाल चेरी. माझी मुलगी मनू तेव्हा पाच वर्षांची. तिच्या वाढदिवसाचा फ्रॉक. मी घरी फोन लावला. बायकोने कपाट उघडलं. घडी घातलेल्या फ्रॉकला छातीपाशी रुपयाएवढं भोक होतं. वरखालच्या कपड्यांना काहीही नाही.

तसाच वामनरावांच्या विरारच्या नव्या फ्लॅटवर गेलो. जिन्यापासूनच तोंड सुरू होतं माझं. दोन्ही बोळे टीपॉयवर टाकले. त्यांच्या बायकोने चौकड्यांचा तुकडा उचलला, आत गेली आणि मुलाचा, नंदूचा, शाळेचा शर्ट घेऊन आली. शर्टाच्या भोकात तुकडा तंतोतंत बसला.

"उक्ता माल परत घेत नाहीत, शेट," वामनराव म्हणाले.

मी त्यांची कॉलर धरली. तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "अहो, सांगा त्यांना. त्यांच्याही घरात लेकरू आहे."

मग त्यांनी सांगितलं. बंदूक आधी त्यांच्या भावाकडे होती. एका दसऱ्याला पाटावर मांडून तिला फुलं वाहिली आणि ती उडाली. कुणाचा हात लागला नव्हता. पूजेआधी भावाने स्वतः गज घालून पाहिला होता, नळी रिकामी होती. समोर त्याचा थोरला मुलगा बसला होता. मुलाच्या सदऱ्याला आठवडाभर आधी भोक दिसलं होतं, उंदरांवर ढकललं सगळ्यांनी.

"ताबा ज्याचा, कापड त्याच्या घरातलं," वामनराव म्हणाले. "नंदूचा शर्ट पाहिला आणि तुम्हाला बोलावलं."

"भावाने कुणाकडून घेतली?"

"उक्त्यात," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी दार उघडून धरलं.

त्या गिऱ्हाइकाला बंदूक कशीही हवी होती. मी विकली नाही. मी कडक माणूस आहे, पण दुसऱ्याच्या पोराच्या नावाने सौदा करत नाही. रीतसर अर्ज लिहून ती पोलीस ठाण्यात जमा केली. कागदावर "ताबा" या शब्दापुढे माझंच नाव आलं, इलाज नव्हता.

आज सात वर्षं झाली. दरवर्षी दसऱ्याच्या आधी मनूच्या एका कपड्याला भोक पडतं, छातीपाशी. आम्ही घर बदललं. कपाटं बदलली. कुलपं लावली. ठाण्यात जाऊन म्हटलं, एकदा गज घालून बघू द्या. त्यांनी मला चहा पाजून घरी पाठवलं. साळवीकाका गेले. हे काय आहे ते मला आजही माहीत नाही, आणि ज्याला माहीत असेल तो बोलत नाही.

वामनराव, तुम्ही फ्लॅट विकून कुठे गेलात ते कुणी सांगत नाही. पण हे मासिक तुमच्या घरी यायचं, मी टीपॉयवर पाहिलं होतं. तुमच्या भावाला ती बंदूक कुणी दिली, त्याचं नाव मला पाहिजे. ज्याची आहे त्याच्या दारात नेऊन ठेवायची आहे मला. दसऱ्याला एकोणीस दिवस उरलेत. कालच मनूच्या गणवेशाला भोक पडलंय. उत्तर द्या.