कुंकवाचं बोट

गुणवंतराव पिंपळशेंडे यांना मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. वरोऱ्यात एकोणीस वर्षं आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत होती. पलीकडचा माणूस कशाला भ्यायचा, कशाने सुखावायचा, मला ठाऊक नाही. मला लिहिताही येत नाही. पण ते गेल्यावर सगळे गोड बोलले आणि मला ते जमलं नाही, म्हणून हे.

बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस दर रविवारी ओट्यावर भिंग घेऊन बसायचा. मी तावडीत सापडायचो, कारण मला नाही म्हणता येत नाही. एकच धडा शंभरदा ऐकला. बाजारात फिरलेलं नाणं झिजेवरून जोखायचं, सिंहाची आयाळ किती उरली ते पाहून. प्रूफ नाणं फिरण्यासाठी नसतंच. त्याचा साचा घासून आरसा करतात, चकतीही चकचकीत करतात आणि एकाहून अधिक वेळा ठसा मारतात. मोकळी जमीन आरशासारखी, वरचं चित्र दुधी. चांगलं राखलेल्याला साठ ते सत्तरमधले गुण, आणि ते कापले जातात बोटाच्या ठशासाठी, केसाएवढ्या रेघेसाठी.

"पुसलं का मेलं," ते म्हणायचे. "त्याच्यावर बोलाचंबी नाई, थुंकी उडते. तुमी दूरच बसा, बापूराव. तुमी चलनी मानूस."

गल्लीत सगळ्यांना अशी प्रत लावलेली. दूधवाला कोलू 'घासलेला'. सून नूतन रानाकडच्या धानोऱ्याची, म्हणून 'जंगलातला माल'. स्वतः कोण, ते विचारायची सोय नव्हती. मला त्यांचा तिटकारा होता, आणि तरी मी मान डोलवत बसायचो.

चार वर्षांपूर्वी त्यांनी टांकसाळीतून चांदीचं एक प्रूफ नाणं मागवलं. मुंबईच्या एका संस्थेकडून गुण लावून आणायचे आणि नागपूरच्या प्रदर्शनात मिरवायचं, असा बेत. गल्लीला आधीच सांगून ठेवलं, एकोणसत्तरच्या खाली येणार नाही. तेवढ्यात दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला घरातली चांदी पाटावर मांडतात. नूतनने कपाटातलं नाणं डबीतून काढलं, तांदळावर ठेवलं आणि कुंकवाचं बोट लावलं. तिच्या माहेरी तसंच करतात. आमच्याही घरी.

पाडव्याच्या सकाळी मी जास्वंद तोडत होतो. भिंतीपलीकडे गुणवंतराव उकिडवे बसलेले. नाण्यावर तोंडाने वाफ सोडली आणि धोतराच्या सोग्याने गोल गोल घासू लागले. ज्या नाण्यावर आम्ही बोलायचंही नाही, त्यावर! मी खाली वाकलो. माझं मेलं लाजणं.

संक्रांतीच्या सुमारास मुंबईहून कागद आला. गुण शून्य नव्हते, दिलेच नव्हते. सकाळी सकाळी अंगणात आरडाओरडा. मिथुन, त्यांचा मुलगा, कोरपन्याच्या सिमेंट कारखान्यातून सुट्टीवर आलेला.

"हिले धानोऱ्याले पोचवून दे! परत आनू नोको!" गुणवंतराव त्याला फर्मावत होते.

"मामाजी, मी फकस्त बोट टेकवलं," नूतन सासऱ्यांना म्हणाली. तिची पिशवी ओट्यावर आली होती. मिथुन गाडीची किल्ली बोटात फिरवत होता.

मी भिंतीशी गेलो.

"गुणवंतराव, कागदावर काय लिहिलं हाय?"

"रेघा! बारीक गोल रेघा, पुसल्याच्या!"

"कुंकवानं डाग पडते. रेघा फडक्यानं पडते. तुमीच शिकवलं. पाडव्याले तुमी धोतरानं पुसत होते, मी पाह्यलं."

दुधाची कॅन घेऊन उभा असलेला कोलू म्हणाला, "मंजे आता चलनीच झालं का जी?"

"प्रूफच हाय!" गुणवंतराव ओरडले. "प्रूफ मंजे घडन, दर्जा नोहे! खराब झालं तरी प्रूफच रायते!"

ते खरंच होतं. तेवढंच त्यांना म्हणायचं होतं. सुनेची माफी वगैरे नाही. मिथुनने किल्ली खुंटीला लावली आणि नूतन पिशवी उचलून आत गेली. मला मात्र त्या दिवसापासून रविवार मोकळा मिळाला.

मागच्या महिन्यात ते बस स्टँडवर दिसले. दहा दिवसांनी जाणार, हे तेव्हा कोणाला माहीत. त्या सकाळनंतर प्रथमच माझ्याशी बोलले.

"बापूराव, पाचचा शिक्का हाय का? ऑटोवाला सुटे मांगून राह्यला."

मी खिशातून काढला. "झिजला हाय."

"चालते ना."