उपग्रहाखालचं ऑफिस

आमच्या ऑफिसातले किस्से मी कधी जमवायला गेलो नाही. सोमवारी जाऊन बसायचं, शुक्रवारपर्यंत दोन-तीन आपोआप पदरात पडतात! लोकांना वाटतं, उपग्रहाचं काम म्हणजे सगळी डोकेबाज माणसं. आहेत हो, पण वर. रॉकेट वेळेवर उडतं, उपग्रह जागच्या जागी बसतो, चंद्रावरसुद्धा आपण अलगद उतरतो. प्रॉब्लेम सुरू होतो तो रत्नागिरीत, आमच्या जिन्यापाशी.

मी तिथला कंत्राटी टेक्निशियन. मच्छीमार बोटींवर उपग्रहाशी बोलणारे डबे बसवतो. समुद्रात मोबाइलची रेंज संपली की वादळाचा इशारा या डब्यावर येतो, आणि बोट कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं. माझे भावोजी जयगडच्या एका बोटीचे तांडेल. बोट त्यांच्या हाती आणि सात खलाशी त्यांच्या भरवशावर. त्यांचा डबा मी स्वतः बसवला. त्यामुळे या ऑफिसचं मला जेवढं हसू येतं, तेवढीच धास्तीही वाटते.

*

एका उपग्रहाच्या उड्डाणाच्या दिवशी साहेबांनी हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला. समोर समई, नारळ, पेढे. उलटी मोजणी सुरू झाली आणि साहेबांना प्रश्न पडला, नारळ उड्डाणाआधी फोडायचा की नंतर?

हेडक्लार्क म्हणाले, "मागच्या वेळची फाइल बघू."

फाइल येईपर्यंत रॉकेट गेलं! टीव्हीवर शास्त्रज्ञ एकमेकांना मिठ्या मारत होते. साहेब माझ्यावरच खेकसले, "अरे, बघतोस काय? जरा मागे घे! नारळ राहिलाय!"

*

डब्यावर एक लाल बटण असतं. बोट बुडायला लागली तरच दाबायचं. धक्क्यावर योजनेचं उद्घाटन होतं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, "हे काय?" साहेब म्हणाले, "दाबून बघा ना सर!"

पाहुण्यांनी दाबलं. दोन मिनिटांत बचाव केंद्राचा फोन. "बोट बुडतेय का? किती माणसं आहेत?"

साहेबांनी फोनवर हात ठेवून खुर्च्या मोजल्या आणि सांगितलं, "शंभरेक आहेत. पण बुडत नाही, उद्घाटन चालू आहे!"

*

समुद्राच्या पाण्याचा रंग आणि तापमान बघून मासळी कुठे मिळेल, तेही उपग्रह सांगतो. सकाळी निरोप येतो. मग त्याचा तर्जुमा होतो, टिपण होतं, ते साहेबांच्या टेबलावर जातं. साहेब मीटिंगला. सही होऊन कागद बंदरावर लागतो चौथ्या दिवशी.

एका खलाशाने तो कागद वाचला आणि मला विचारलं, "मासे थांबलेत काय रे तिथं? का त्यांनापण साहेबान पत्र पाठवलंन?"

*

मिरकरवाड्याचा एक म्हातारा तांडेल डबा लावूनच घेईना. त्याची मासळीची खास जागा होती, सख्ख्या भावालाही न सांगितलेली. "डबा लावला की माझी जागा सगल्यांना दिसंल."

मी म्हटलं, "काका, फक्त आमच्या ऑफिसात दिसेल."

म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, "ऑफिसात होय? मग लाव. तिथं गेलेली वस्तू आजवर कोणाला सापडलीय?"

*

आता शेवटचा.

मुंबईहून पाहणीपथक येणार होतं. साहेब म्हणाले, "डबे खाऱ्या पाण्याने मळलेत. सगळे काढून आणा, पुसा, नंबर टाका आणि अंगणात टेबलांवर मांडा. चालू ठेवा, दिवे दिसले पाहिजेत."

मी म्हटलं, "साहेब, बोटी समुद्रात जातायत."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. हवा बघ की, किती स्वच्छ आहे!"

हुकूम तो हुकूम. भावोजींचा डबा माझ्याच हातांनी काढला. त्याची लाज मला आजही वाटते.

पथक आलं. रांगेत चाळीस डबे, लखलखीत. आणि अकराच्या सुमाराला चाळीसच्या चाळीस डबे एकदम ओरडायला लागले! 'वादळ येत आहे. ताबडतोब जवळच्या बंदरात जा.' शुद्ध मराठीत, अगदी वेळेवर. उपग्रहाने आपलं काम चोख केलं होतं.

भावोजी पहाटेच समुद्रात गेले होते. मी फोन लावला, रेंजच्या बाहेर. इकडे साहेब पथकाला सांगत होते, "बघा सर! एकही डबा चुकला नाही!" मग त्यांनी शिपायाला खूण केली. इशारा मिळाल्याची पोच म्हणून हिरवं बटण दाबायचं असतं. शिपायाने चाळीस बटणं ओळीने दाबली. वरच्या केंद्रात नोंद झाली, सगळ्या बोटींना निरोप पोचला.

मी ओरडलो, "अहो, माणसं समुद्रात आहेत!"

साहेब म्हणाले, "हळू बोल. पाहुणे आहेत."

मी तसाच बाइक काढून आरे-वाऱ्याच्या रस्त्याने जयगड गाठलं. वारा असा की गाडी हातात राहीना. ताई धक्क्यावर उभी होती. तिने विचारलं, "डबा वाजला ना रे?"

"वाजला," मी म्हटलं.

"मग येतील," म्हणाली आणि निर्धास्त होऊन बसली. मला तिच्याकडे बघवेना.

बोट संध्याकाळी आली. केबिनचं छप्पर उडालेलं, जाळी गेलेली, पण आठही माणसं होती. भावोजींनी वाऱ्याचा रंग बघून आपल्या अकलेने बोट वळवली होती.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्यांचा सत्कार ठेवला! 'उपग्रहाच्या इशाऱ्यामुळे सुखरूप परतलेले तांडेल.' शाल, श्रीफळ, फोटोग्राफर. टेबलावर भावोजींचा डबा, पुसलेला, नंबर टाकलेला. साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला."

भावोजींनी डब्यावरून हात फिरवला. म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं डब्याला खरचटलंपण नाय. पुढच्या वादळात आम्हा आठ जणांनापण ह्याच टेबलावर ठेवा."

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती साहेबांनी!