सुई घे, पण कुणाला बोलू नको

आमच्या वाडीतून कॉलेजात जाणारी माझी पोर पहिली. नव्याण्णव सालची गोष्ट. मी चौथीपर्यंत शिकलेली, लांज्याला काजूच्या कारखान्यात गर सोलायला जायची. पोरीचा बापूस मुंबईला, होळीला आणि गणपतीला तेवढा घरी यायचा. म्हणून पोरीचं जे काय झालं ते माझ्या हातून झालं. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाय.

बारावीची परीक्षा झाली आणि ती पाणी प्यायला लागली. हंडा भरून ठेवावा तर दुपारपर्यंत रिकामा. अंगावरचं मांस गेलं, गळ्याची हाडं वर आली. शेजारणी बोलल्या, अभ्यासाचा ताण असेल. मी मीठमिरची ओवाळून चुलीत टाकली. मग एका सकाळी ओकायला लागली, आणि तिच्या श्वासाला वास यायला लागला, उतरलेल्या फणसाला येतो तसा. तवा रिक्षा करून रत्नागिरीला नेली. आठ दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाई बोलल्या, हिला साखरेचा आजार हाय, लहान वयात होतो तो. दिवसातून दोनदा पोटात नायतर मांडीत सुई घ्यायची, जल्मभर.

बाई पुष्कळ बोलल्या. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी राहिल्या. सुई जल्माची, आणि सुई चुकली तर पोर जाईल. सुई घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायलाच हवं, हे त्या पोरीला सांगत होत्या आणि पोर वहीत लिहून घेत होती. मला वाटलं, शिकलेली हाय, लिहून घेतलंन, झालं.

घरी आल्यावर मी तिला देवासमोर बसवली आणि शपथ घातली. हे आपल्या दोघींत आणि बापसात. चौथ्याला कळता नये. सुईवाल्या पोरीला कोण करून घेणार?

त्यात ती राहणार होती माझ्या भावाकडे. भाऊ रत्नागिरीला कचेरीत कारकून, स्वतःचं दोन खोल्यांचं घर. वहिनीच्या मनात माझी पोर तिच्या भाच्यासाठी होती. भाचा मास्तर, कायम नोकरीत. वहिनी उघड बोलली नव्हती, पण पोरीला बघितलं की तिची वेणी हातात घेऊन लांबी मोजायची. मी मनात धरून बसले होते. पोर कॉलेजही शिकेल आणि चांगल्या घरात पडेल. म्हणून ज्या घरात सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याच घरात न सांगता पाठवली.

औषधाची बाटली गार ठेवावी लागते. वहिनीकडे फ्रीज होता, पण त्यात कशी ठेवणार? मी तिला एक छोटं मडकं दिलं, त्यात ओली वाळू, वाळूत बाटली. मामीने विचारलं तर सांग, झाडाचं बी रुजत घातलंय. सुई ती संडासात जाऊन घ्यायची. सकाळी एकदा, तिन्हीसांजेला एकदा. दप्तरात गुळाचा खडा ठेवायची, चक्कर आली तर खायला. एकदा दप्तराला मुंग्या लागल्या आणि वहिनीला तो खडा सापडला. वहिनी हसली, बोलली, आमच्याकडे उपाशी ठेवतो काय गो तुला, चोरून खातेस ती. शेजारच्या पोरीही हसल्या. तवापासून पोरीने गूळ ठेवायचं सोडलं. हे मला नंतर कळलं. तवा तिने फक्त एवढं कळवलं की सगळं बरं हाय, शिक्षक भराभर शिकवतात, आणि पहिल्या चाचणीत तिला वर्गात तिसरा नंबर मिळाला.

गणपतीच्या आदल्या दिवशी हरतालिका. आमच्या वाडीत त्याचं एवढं कडक नव्हतं, पोरी दूध-केळं खायच्या. वहिनी शहरातल्या शेजारणींत राहून कडक झालेली. पाण्याचा थेंब नाय, दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत. तिने पोरीला हरतालिकेला ठेवून घेतलं होतं, ती गणपतीच्या सकाळी गावाला येणार होती.

हरतालिकेच्या सकाळी वाडीतल्या दुकानात फोन आला. दुकानदाराची बायको मला बोलवायला आली. मी चुलीवरचा भात तसाच ठेवून धावले.

पोर हळू आवाजात बोलत होती. "आई, मामीनं उपास धरायला लावलाय. पाणी पण नाय. मी मामीला सांगू काय आता?"

मी विचारलं, "सुई घेतलीस?"

"नाय अजून."

"आधी सुई घे. सुई चुकवायची नाय."

"घेतली तर खायला हवं, आई. बाईंनी सांगितलंय."

माझ्या आजूबाजूला दुकानात माणसं होती. वाणसामान घ्यायला आलेली. मी तोंडाला पदर लावला.

"एक दिवसानं काय होत नाय, बाय. मी जल्मभर उपास केले. तुझ्याच नवऱ्यासाठी हाय ना? सुई घे, आणि तोंड बंद ठेव."

ती बोलली, "बरं." आणि फोन ठेवलान.

मी घरी आले. भात खाली लागला होता, तो खरवडला.

पुढचं मला शेजारीण बोलली, भावाच्या घरासमोर राहते ती. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तिने सगळं सांगितलं, काय लपवलं नाय. ऐकताना मला वाटत होतं हिने थांबावं, पण मी थांब बोलले नाय.

पोरीने सुई घेतली. वहिनीने तिला दोन पोरींबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर पाठवलं, पूजेची वाळू आणायला. चालत गेल्या, चालत आल्या. उन्ह होतं. आल्यावर तिला दरदरून घाम फुटला. हात कापायला लागले. बायका पाटावर वाळूची पिंड करत होत्या. पोर त्यांच्यामध्ये बसली आणि भलतंच बडबडायला लागली. डोकं गोल गोल फिरवायला लागली, वेणी सुटली.

एक म्हातारी बोलली, "हिच्या अंगात आलंय."

झालं. बायकांनी तिच्या कपाळाला मळवट भरला. पिंडीसमोर बसवली. कुणी धूप घातला. कुमारी पोर, निर्जळी उपास, हरतालिकेचा दिवस, आणि अंगात आलेलं. असं भाग्य कुठं मिळतं? एकीने पाया पडून विचारलं, माझ्या मुलाला नोकरी कधी लागेल. दुसरीने विचारलं, सून नांदायला परत येईल काय. पोर काय तरी पुटपुटायची आणि त्या त्याचा अर्थ लावायच्या.

वहिनी बाजूला उभी राहून मिरवत होती. बोलली, आमच्याच घरात यायची हाय ती.

मग पोर स्पष्ट बोलली, "गूळ." दोनदा बोलली. बायकांनी वाटीभर गूळ आणला आणि पिंडीपुढे नैवेद्य ठेवला. तिच्या तोंडाला कुणी लावला नाय. उपास होता ना. तिने हात पुढे केला तर एकीने तो धरून जोडून दिला.

दीड-दोन तास असं चाललं. मग ती आडवी झाली, दात बसले, तोंडाला फेस आला. तरी एकजण बोलली, देवी जाताना असं होतं. भाऊ कचेरीतून जेवायला आला तवा त्याने बघितलं आणि उचलून रिक्षात घातली. दवाखान्यात बोटाचं रक्त बघितलं आणि सलाईनमधून साखर दिली. डॉक्टरने विचारलं, ही सुई घेते हे तुम्हाला माहीत नाय? मांडीला एवढ्या खुणा.

रात्री दुकानात भावाचा फोन आला, मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले. गाडीत सगळे गणपतीला घरी चाललेले, मांडीवर फुलं, गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान. मी एकटी दवाखान्यात चाललेली.

पोर डोळे मिटून होती. वहिनी दारातच उभी होती. तिने अजून उपास सोडला नव्हता, ओठ सुकलेले.

"वन्सं, आमच्या गळ्यात कीड लागलेलं फळ बांधत होतात तुम्ही," ती बोलली. "बरं झालं देवानं आजच दाखवलं."

मी बोलले, "होय."

दुसरं काय बोलणार? गुळासाठी पुढे केलेला पोरीचा हात वहिनीने जोडून दिला नव्हता, आणि दिला असता तरी सुई घे आणि तोंड बंद ठेव हे मी बोलले होते, ती नाय. भाऊ भिंतीकडे बघत उभा होता.

चौथ्या दिवशी पोरीने डोळे उघडले. मला ओळखलंन, पण नाव घ्यायला वेळ लागला. डॉक्टर बोलले, मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नाय, किती भरून येईल ते सांगता येत नाय. बापूस गणपतीला मुंबईहून आलेला, तो तिच्या उशाशी बसला, आणि माझ्याशी पुढचे सहा महिने बोलला नाय. मग बोलायला लागला ते कामापुरतं.

दिवाळीनंतर पोर हट्टानं कॉलेजात गेली. मीही तिच्याबरोबर गेले, एका विधवा बाईच्या पडवीत राहिलो. आता मी घरमालकिणीला पहिल्याच दिवशी सांगितलं, हिला सुई हाय. बाई बोलली, मग त्यात काय, माझ्या नवऱ्याला पण होती, आणि बाटली घेऊन आपल्या फ्रीजमध्ये ठेवलीन. मला तवा रडायला आलं नाय. राग आला, कुणाचा ते कळलं नाय.

पोर रोज वर्गात जायची. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, घरी येऊन वही उघडायची आणि बघत राहायची. स्वतःचंच अक्षर, पण काय लिहिलंय ते लागायचं नाय. पंधराव्या दिवशी तिने दप्तर भरलं आणि बोलली, "आई, चल घरी. मला तिथं सगळे हळू बोलतात."

ती माझ्याकडेच हाय अजून. केर काढते, कोंबड्या सोडते, भात चांगला शिजवते. सुई मीच देते, आणि ती जेवेपर्यंत समोर बसते. वहिनीच्या भाच्याचं लग्न झालं, आम्हाला आमंत्रण आलं नाय. मी आता येईल त्याला हिचा आजार सांगते. लोकं मान हलवतात.

मागं सरकारी दवाखान्यातली नवी नर्स घरी आली, कागद भरायला. तिने पोरीला विचारलं, शिक्षण किती?

पोर बोलली, "कॉलेजात होते मी." मग माझ्याकडे वळली. "आई, किती दिवस होते गो मी?"

"दोन महिने," मी सांगितलं.

"आणि नंबर कितवा आलेला?"

"तिसरा."

नर्सने कागदावर बारावी लिहिलं.