काळ्या दगडाचा स्वल्पविराम

अण्णा गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा मी हदगावच्या शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. पुढ्यातल्या वहीत एकही स्वल्पविराम नव्हता. लाल पेन टेकवलं आणि पुढे हात चालेना...

अण्णा माझा थोरला भाऊ. लातुरात फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या करायचा. पोट त्यावर चालायचं, जीव मात्र शिल्पात, आणि तोही विरामचिन्हांच्या! शेडमध्ये माणसाएवढं लोखंडी प्रश्नचिन्ह उभं होतं. वहिनी म्हणायच्या, एखादा गणपती तरी करा. मीही त्यांच्याच बाजूची.

देगलूरच्या एका कॉलेजने आवारासाठी शिल्प मागितलं. कमिटीत प्रत्येकाला वेगळ्या थोर पुरुषाचा पुतळा हवा होता आणि प्रकरण हातघाईवर आलं होतं. अण्णाने काळ्या दगडाचा आडवा स्वल्पविराम सुचवला. भांडून दमलेल्या कमिटीने मान डोलावली. लोक हसतील, असं मी बजावलं.

"हे कुणाचंच न्हाई, सुमे. म्हणून सगळ्यायचं हाय," तो म्हणाला.

स्वल्पविरामाच्या शेपटीवर कुणालाही बसता यावं, एवढाच अण्णाचा हट्ट. आमची आई बुटकी, कुठल्याही ऑफिसातल्या बाकावर तिचे पाय लोंबकळायचे. अण्णाने तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि त्या मापाने दगड घडवला.

लोक हसलेच. पण आठवडाभरात पोरी शेपटीवर बसून डबे खाऊ लागल्या. मग कमिटीला दगडाची काळजी वाटू लागली, आणि भोवती कठडा करायचं काम आलं ते अण्णाकडेच! कुणी टेकणार नसेल तर हे केलं कशाला, म्हणून तो दोन दिवस धड जेवला नाही. नकार देईल असं वाटलं होतं. त्याने काम घेतलं, देखणा कठडा केला आणि समोर चार फूट मोकळे सोडले. फाटक कुठंय, असं कमिटीने विचारलं.

"कागदावर कठडा लिहिलाय. फाटक न्हाई," एवढंच तो बोलला.

जन्मभर फाटकं करणाऱ्या माझ्या भावाने हे एक केलं नाही. त्या दिवशी मला त्याचा केवढा अभिमान वाटला, ते त्याला सांगायचं मात्र राहिलं.

गेल्या आठवड्यात रजा काढून देगलूरला गेले. वहिनींनी दिलेली ती सुतळी पर्समध्ये होती. कठड्याला अजूनही फाटक नाही. बसून बसून शेपटी गुळगुळीत झाली आहे. डबा खाणारी एक मुलगी सरकली.

"बसा की बाई, जागा हाय."

मी बसले. माझी उंची आईवर गेली आहे. पाय बरोबर जमिनीला टेकले.