मागावर बसणाऱ्याचं दुखणं

माझा भाऊ सांडू. सव्वीस वर्सांचा, उंचापुरा, माजलेल्या मेंढ्याला एका झटक्यात आडवा पाडणारा गडी. आमचं गाव राजूरपासून दोन कोसांवर. आम्ही धनगर. दारात थोडी मेंढरं अन् घरात घोंगडीचा माग. जमिनीत कंबरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडायचे अन् काठावर बसून दिवसभर विणायचं. सांडूची घोंगडी राजूरच्या बाजारात लोक नाव घेऊन मागायचे. मी त्याची थोरली बहीण, आसरा. नवरा वारल्यावर माहेरी आल्ते. आई आधीच गेल्ती, म्हणून रांधणं-धुणं सगळं माझ्याकडं.

धुणं माझ्याकडं होतं म्हणून मला कळलं. दुसऱ्या कोणाला कळलं असतं तर बरं झालं असतं, असं आता लाख वेळा वाटतं.

चौपन सालचा पोळा तोंडावर आल्ता. वढ्यावर सांडूचं धोतर चोळताना मागच्या बाजूला रक्ताचा डाग दिसला. म्हणलं, मेंढरं कातरताना कात्री लागली असंल. चार दिसांनी पुन्हा डाग. मंग मात्र मी घरी येऊन त्याला धरलंच.

"काय रे, हे काय हाय?"

"तू माझी धोतरं कशाला तपासून राह्यली?" आधी भडकला. मंग खाली बघत म्हणला, "मागावर बसणाऱ्याचं दुखणं हाय, आक्के. मूळव्याध. कडूबाला न्हाई का?"

कडूबा आमचा चुलता. त्याला होती, अन् गावात निम्म्या विणकरांना होती. कोणाला नवी झाली की बाकीचे दात काढायचे, आता पक्का विणकर झाला म्हणायचे. त्यामुळं मलाबी पटलं. पण एक गोष्ट टोचत राहिली. "कडूबा तर बसताना कण्हतो. तुला तर काही दुखत न्हाई."

"मंग चांगलंच हाय की!" म्हणला अन् हसला मेला.

त्याची सोयरीक ठरल्ती. अंबडकडचे पाहुणे, पोरगी जयवंता, अन् तिचा बाप रखमाजी म्हणजे महा चौकस माणूस. आमच्या बैलांचेसुद्धा दात बघून गेल्ता. सांडूनं मला देवापुढं नेलं अन् बिरोबाचा भंडार, म्हणजे देवाची हळद, माझ्यापुढं केली. आमच्यात भंडार उचलून दिलेला शब्द मोडत न्हाईत. मोडला तर घराचा सत्यानाश होतो, असं लहानपणापासून ऐकलेलं.

"उचल. कोणाला सांगणार न्हाई म्हण. रखमाजीच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडंल."

मी उचलला. कपाळाला लावला अन् म्हणलं, न्हाई सांगणार. त्या वेळी माझा हात का झडला न्हाई, देव जाणे!

लग्न झालं. जयवंता गुणाची निघाली. मी धुण्याला तिला हात लावू द्यायची न्हाई, तिला वाटायचं नणंद लाड करून राह्यली. डाग आता रोजचे झाल्ते. सांडूला सुरणाची भाजी घातली, ताक पाजलं, इसबगोल भिजवून दिलं. तरी गडी वाळत चालला. गालफडं बसली, भाकरी ताटात राहू लागली. लोक थट्टा करायचे, "काय सांडू, लग्न मानवलं न्हाई का?" तोबी हसायचा. 

छप्पन साली शिमग्यानंतर आमच्या बाला रक्त पडलं. बा म्हणजे धुळाजी, पासष्टीचा. एकदाच पडलं, पण म्हाताऱ्यानं ओरडून सगळी आळी गोळा केली. म्हातारं माणूस, रक्त पडलं म्हणजे बिलकुल बसून राहू नका, जल्दी जालन्याला न्या, असं जो तो सांगू लागला. दुसऱ्या दिशी गाडी जुंपली, पुढं मोटार. रखमाजी लेकीला भेटायला आल्ता, तोबी संगं निघाला. जालन्यात उतरल्यावर सांडूनं बाला पाठुंगळी घेतलं. दवाखान्यापर्यंत दोनदा टेकला.

"तरणाताठा जावई अन् धापतो कसला?" रखमाजी म्हणला.

दवाखान्यात गिरिधर डॉक्टर होते, मस्तगडात राहणारे. सावळे, हळू बोलणारे. त्यांनी बाला तपासलं, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिसांनी मला, सांडूला अन् रखमाजीला खोलीत बोलावलं.

"आतड्याच्या शेवटी गाठ आहे. कॅन्सर. पण वेळेवर आणलंत. ती कापून काढू आणि मळ बाहेर पडायला पोटावर दुसरी वाट करून देऊ. म्हातारा जगेल." मंग चष्मा काढून म्हणले, "हा रोग कधी कधी एका घरात दोघांना असतो. आणखी कोणाला असं रक्त जातं का?"

"न्हाई जी, बाकी सगळे धडधाकट हायेत," रखमाजीनंच उत्तर दिलं.

डॉक्टर त्याच्याकडं बघेनातच. माझ्याकडं बघून म्हणले, "बाई, घरचं धुणं तुम्हीच धुता ना? तुम्ही सांगा. माणूस तरुण असला तरी सांगा."

 सांडू भिंतीला टेकून उभा होता अन् माझ्या तोंडाकडं टक लावून बघून राह्यल्ता. पापणी हलत नव्हती त्याची. मी मनाशी म्हणलं, शब्दाची आठवण देऊन राह्यला. शेजारी त्याचा सासरा. घरी जयवंताला दिवस गेलेले.

"न्हाई," मी म्हणलं.

बाचं ऑपरेशन झालं. पोटावरच्या वाटेला पट्टा बांधून म्हातारा तीन महिन्यांत मेंढरांमागं फिरू लागला, शिव्याबी पहिल्यासारख्याच द्यायला लागला. मी सांडूच्या मागं लागले, चल बाबा, एकदा दाखवून ये. रडले, भांडले, दोन दिवस जेवले न्हाई. त्याचं एकच, "बाचं म्हातारपणाचं दुखणं हाय आक्के, माझं मागावरचं. मला काय झालंय?" त्याला मुलगी झाली तवा तिला उभ्यानं घ्यायचं बळ त्याच्यात नव्हतं, बसूनच मांडीवर घेतली.

सत्तावन्नच्या थंडीत त्याचं पोट फुगलं. संडास बंद, वारा बंद, पाणीसुद्धा उलटून पडू लागलं. पुन्हा तीच मोटार, तोच दवाखाना. या वेळी सांडूला बानं अन् कडूबानं उचलून नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं अन् मला एकटीला बाहेर बोलावलं.

"किती दिवसांपासून?"

"तीन वर्सं."

डॉक्टरांनी हळू आवाजातच सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.

"कळ थांबायला पोटाला वाट करून देतो, पण रोग यकृतापर्यंत गेलाय. बाप म्हातारा, म्हणून एकदा रक्त पडल्यावर तुम्ही धावत आलात. हा तरणा, म्हणून तीन वर्षं बसून राहिलात. तरुण माणसाच्या बाबतीत हेच होतं, बाई. रोगाचा संशयच कोणी घेत नाही."

सांडूला घरी आणलं. एका दुपारी जयवंता पाण्याला गेल्ती, बा अंगणात मेंढरांना पाला टाकून राह्यल्ता. सांडूनं माझं मनगट धरलं. हाताची नुसती काडं उरल्ती.

"आक्के, डॉक्टरनं विचारलं त्या दिवशी मी तुझ्याकडं बघून राह्यल्तो."

"ठाव हाय मला. गप ऱ्हा म्हणत होता ना? राहिले की मी गप."

त्यानं मान हलवली. "न्हाई गं. सासरा उभा होता, माझ्या तोंडून निघंना. मला वाटलं, आता आक्का बोलंल. बोल, बोल, म्हणून राह्यल्तो मनात."

मी त्याच्या हातावर डोकं ठेवून बसले.

तिसऱ्या दिशी तो गेला. एकोणतीस वर्सांचा होता. पुढचा खांदा बानं दिला.